शेवटून दुसरा

परशराम अण्णा नव्या माणसाचं नाव आधी विचारत नसत, पिशवी विचारत. रविवारी सकाळी सहा वाजता बेळगावच्या कॅम्पात चर्चसमोर आमची गाडी उभी असायची. गाडीत चढण्याआधी प्रत्येकानं आपली पिशवी कट्ट्यावर रिकामी करून दाखवायची, हा त्यांचा कायदा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पिशवीतून छत्री, जाडजूड कादंबरी, चार सफरचंदं, दोन टॉवेल आणि बायकोनं बांधून दिलेली चिवड्याची बरणी निघाली. अण्णा उकिडवे बसून एकेक वस्तू उलटीपालटी करून बघत होते.

"लगनाला चाललाईस व्हय रं?"

मी वकील आहे, उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. पाऊस आला तर छत्री लागेल, असं काहीतरी म्हणालो. अण्णांनी पाण्याची बाटली आणि भाकरीची पुरचुंडी तेवढी माझ्यापुढं सारली आणि बाकीचं सगळं ड्रायव्हरच्या सीटखाली टाकायला लावलं. "पानी आन् भाकरी लागती. बाकी समदं तुझं भ्या हाय. ते र्‍हाऊ दे गाडीत." त्या दिवशी पाऊस आला, मी नखशिखान्त भिजलो, आणि अण्णा माझ्याकडं बघून दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर डोंगर चढलो. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत मी त्यांच्यावर बोललो, माईकवर, वीस मिनिटं. भाषण चांगलं झालं असं अजून लोक भेटले की सांगतात. त्या भाषणात एक गोष्ट सोडून सगळं होतं. ती एक गोष्ट लिहायला बसलो आहे.

अण्णा मूळचे खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या पलीकडचे. घरची थोडी शेती भावांनी केली आणि हे बेळगावात येऊन कॅम्पात नळाच्या कामाला लागले. तीसएक वर्षं ते काम केलं. जमिनीखाली कुठली नळी कुठून गेली आहे हे नकाशात सापडायचं नाही, अण्णांच्या पायांना सापडायचं. चपला काढून दहा पावलं इकडं, चार पावलं तिकडं चालायचे आणि म्हणायचे, "हितं खणा." मोठमोठे साहेब तिथं खणायला लावायचे आणि तिथंच नळी निघायची. डोंगरातही त्यांचं तेच. वाट दिसत नसली तरी पायाला लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. कधी कुणी मोबाईलवरचा नकाशा पुढं धरला तर ते त्याच्याकडं न बघता मोबाईलवाल्याच्या पायांकडं बघायचे.

रविवारी डोंगरात जायची सवय त्यांची एकट्याची होती. आम्ही शहरातले लोक एकेक करून त्यांच्या मागं लागलो. शिक्षक होते, बँकेतले होते, दोन डॉक्टर होते. निपाणीहून तंबाखूचे दोन व्यापारी आदल्या संध्याकाळी बेळगावात येऊन राहायचे. पुढं ग्रुप झाला, ग्रुपचं नाव झालं, टोप्या झाल्या, आणि खाजगी क्लास चालवणारे देसाई सेक्रेटरी झाले. अण्णांना यातलं काही नको होतं असं नाही, पण हवंही नव्हतं. त्यांनी टोपी घेतली आणि तिच्यात करवंदं गोळा करायला लागले.

देसाईंना डोंगरातून धडे काढायची हौस होती. माथ्यावर पोचलं की ते दम खाऊन सुरू करायचे. डोंगर माणसाला नम्र करतो, डोंगर संयम शिकवतो, चढ आहे म्हणजे उतार येणारच. दुसऱ्या दिवशी हेच फोटोसकट सगळ्यांच्या फोनवर यायचं. अण्णा एकदा ऐकून ऐकून कंटाळले आणि म्हणाले, "डोंगर काय शिकवतोय रं? तू कोन आलाईस ते त्येला ठावं बी न्हाय. तुज्या म्होरं बी हुता, तू गेल्यावर बी हाय." देसाईंनी हेही लिहून घेतलं आणि त्याचाही धडा केला.

अण्णांचे स्वतःचे नियम मात्र फार थोडे होते आणि ते सगळे मागच्या माणसाविषयी होते. चालताना प्रत्येकाला एकच माणूस सांभाळायचा, आपल्या पाठीमागचा. वाटेला फाटा आला की थांबायचं. मागचा येऊन त्याचं तोंड दिसेपर्यंत हलायचं नाही. दिसला की हात वर करायचा, त्यानंही करायचा, मगच वळायचं. "म्होरच्याकडं कोन बी बघतंय. मागच्याचं तोंड बघून वळायचं," असं ते सांगायचे. आणि वाट चुकली, पाय मुरगळला, काही झालं, तर होतास तिथं नाहीतर मागच्या फाट्यावर बसायचं. पुढचा माणूस परत येणारच.

दुसरा नियम चहाचा. डोंगरावर भांडण करायचं नाही, दोष द्यायचा नाही. सगळं मनात ठेवायचं आणि परतताना जांबोटीला गाडी थांबली की चहा घेता घेता ज्यानं त्यानं आपापली चूक आपल्या तोंडानं सांगायची. दुसऱ्याची सांगायला मनाई. बँकेतले एक गृहस्थ एकदा घसरायच्या भीतीनं बायकोचा हात सोडून पुढं गेले होते. त्यांनी ते तिथं बायकोसमोर सांगितलं. निपाणीच्या व्यापाऱ्यानं ओढ्यात तंबाखू थुंकल्याचं सांगितलं. अण्णा ऐकायचे आणि "बरं" एवढंच म्हणायचे. एकदा "बरं" म्हटलं की तो विषय संपला, पुढं कुणी त्यावरून टोमणा मारला तर अण्णांना खपत नसे. आमच्यात चांगले सराईत खोटारडे होते, मी तर पोटासाठी रोज काळा कोट चढवतो, पण त्या चहाला कुणी खोटं बोलत नसे. का कोण जाणे, त्या बाकड्यावर बसलं की जमायचंच नाही.

बावीस जणांच्या रांगेत अण्णा नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालत आणि त्यांच्या पुढं मी. ही जागा मला कशी मिळाली आठवत नाही, पण तिचा मला अभिमान होता. शेवटून दुसरा. मागून त्यांच्या काठीचा आवाज यायचा, मधूनच कुठल्या झाडाचं नाव, कुठल्या गावात कुणाचं लग्न फिस्कटलं ते. आणि इथंच मला एक खोड लागली. बाकी सगळे फाट्यावर मागच्यासाठी थांबायचे, मी थांबायचो नाही. अण्णांसाठी कशाला थांबायचं? त्या रानातला दगड न् दगड त्यांना माहीत. सुरुवातीला ते ओरडायचे. "वकील, थांबाय काय हुतंय रं तुला? मी बी कुनाच्या तरी मागचाच हाय न्हवं?" मी हसायचो. मग त्यांनी ओरडणं सोडलं. आम्ही बाविसाव्या माणसाची काळजी एकविसाव्यावर टाकली होती आणि एकविसाव्यानं ती कुणावरच टाकली नव्हती, हे अकरा वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती गोष्ट ऑक्टोबरातली. कणकुंबीच्या बाजूला गेलो होतो. गवत छातीपर्यंत वाढलं होतं. अकराच्या सुमाराला एक फाटा आला. डावीकडची वाट जुनी, नाल्यात उतरणारी, उजवीकडची आमची. उजवीकडं पन्नास पावलांवर कडा होता आणि खाली सगळी दरी उघडी. पुढचे सगळे तिथं उभे राहून फोटो काढत होते. "वकीलसाहेब, लवकर या, तुमच्यासाठी थांबलोय," देसाई ओरडले. मागं काठीचा आवाज बराच वेळ आला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं होतं. जाणवलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं, पण जाणवलं होतं. मी फाट्यावर थांबलो नाही. कड्यावर गेलो, टोपी सारखी केली आणि फोटोत उभा राहिलो.

आम्ही दीडला खालच्या गावात उतरलो आणि जेवलो. अण्णा जेवायला आमच्यात कधीच नसत, गावोगाव त्यांच्या ओळखी, कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसत. त्यामुळं कुणी विचारलं नाही. तीनला गाडीत बसलो तेव्हा शेवटची जागा रिकामी होती. गावात सगळ्या ओसऱ्या पालथ्या घातल्या. अण्णा आलेच नव्हते.

"वाट चुकले," देसाई म्हणाले. "सत्तरी आली. मागच्या महिन्यात माझं नावसुद्धा पटकन आठवलं नाही त्यांना."

एकानं म्हटलं आणि बघता बघता ते सगळ्यांचं झालं. हो, हल्ली विसरतात. हो, परवा डबा विसरले होते. शोधायला दोन तुकड्या केल्या. एक नाल्याकडून वर जाणारी, एक जुनी वाट खाली जिथं निघते तिथल्या रानात. चुकलेला माणूस जिथं असेल तिथं सगळे शोधत होते. न चुकलेला माणूस कुठं असेल हे फक्त मला माहीत होतं. पण वरच्या फाट्यावर जाऊ या असं म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही त्यांना शेवटचं कुठं पाहिलंत? हा प्रश्न मी साक्षीदारांना शेकडो वेळा विचारला आहे. त्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. मी नाल्याच्या तुकडीबरोबर गेलो आणि अडीच तास अण्णांच्या नावानं हाका मारत फिरलो. मोठ्यानं मारत होतो. अण्णांना काय होणार आहे, असं मनाला सांगत होतो.

साडेपाचच्या पुढं एक गवळी म्हशी घेऊन खाली आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत अण्णा. घोटा टरारून सुजला होता. फाट्याच्या अलीकडं खड्ड्यात पाय गेला होता. हाका मारल्या होत्या, वाऱ्यात आम्हाला ऐकू आल्या नव्हत्या. मग रांगत, काठी टेकत फाट्यापर्यंत येऊन ते दगडावर बसले होते.

"चल म्हनलं तर उठंनात," गवळी सांगत होता. "म्हनायलेत, माज्या म्होरचा येईल. त्यो आला आन् मी हितं नसलो तर घाबरंल. लई येळ नादी लागलो तवा आलं."

देसाईंनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. भ्रम झालाय, असं त्यांना सुचवायचं होतं.

जांबोटीला चहासाठी थांबलो. अण्णांना बाकड्यावर बसवलं, पाय पिशव्यांवर ठेवला. त्या दिवशी कुणी आपली चूक सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. देसाईंनीच विषय काढला. "अण्णा म्हणतात ते फाट्यावर बसले होते. वकीलसाहेब, तुम्ही पुढं होता. फाट्यावर थांबला होता ना तुम्ही?"

वीस माणसं माझ्याकडं बघत होती. अण्णाही बघत होते, पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मी सांगेन आणि ते "बरं" म्हणतील, एवढीच वाट बघत होते.

"थांबलो होतो की," मी म्हणालो. "अण्णा दिसले, मी हात केला, अण्णांनी केला, मग वळलो."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठवायचा प्रयत्न करत होते. पन्नास वर्षं ज्या पायांवर आणि डोक्यावर भरवसा ठेवला ते डोकं ते चाचपून बघत होते. मी खोटं बोलत असेन हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. त्या चहाला कुणी खोटं बोललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग चूक कुणाची?

"आसंल," ते म्हणाले. "माज्या ध्यानात न्हाय."

पुढचं सगळं कागदावर झालं आणि ते कागद मीच लिहिले. ग्रुपची बैठक झाली. ठराव असा, की वयोमानामुळं वाट चुकण्याचे प्रसंग लक्षात घेता पासष्टीच्या पुढच्या सभासदांनी मध्ये चालावं आणि नेतृत्व तरुणांकडं द्यावं. भाषा माझी, सही देसाईंची. अण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी मानपत्र वाचलं. त्यात त्यांना आमचा दीपस्तंभ म्हटलं होतं. अण्णा शाल पांघरून लग्नातल्या पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते.

पाय बरा झाल्यावर ते दोन रविवार आले. मध्ये चालवलं त्यांना. प्रत्येक वळणावर कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, इकडून हं." पहिल्या रविवारी ते चिडले. दुसऱ्या रविवारी एका वळणावर ते स्वतःच थांबले आणि त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, "हिकडनंच न्हवं?" त्यांच्या गावापासून तीन मैलांवरची वाट ती. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत.

वर्षभर मी गेलो नाही त्यांच्याकडं. एकदा खडेबाजारात दिसले, भर दुपारी. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे आक्का म्हणायचो त्यांना, अण्णांचं कोपर धरलं होतं. अनगोळच्या आपल्या घरून खडेबाजार, हा माणूस रोज सकाळी पायी येऊन परत जायचा. मला बघून आक्का बाजूला घेऊन म्हणाल्या, "बगा की वकीलसाहेब. तुमच्यातल्या लोकांनी सांगितलं चुकतंय म्हणून, तवापासनं कोपऱ्यावरच्या दुकानातबी एकटं जाईनात. डाक्टर म्हणतंय डोक्याला काय झालं न्हाय. पर ह्यांचा इश्वासच गेला." मी त्यांना चांगल्या डॉक्टरचं नाव सांगितलं. पत्तासुद्धा लिहून दिला.

ते गेले त्याच्या दीड महिना आधी शेवटी मी अनगोळला गेलो. काय झालं म्हणून गेलो ते सांगता येणार नाही. कोर्टात एका म्हाताऱ्या साक्षीदाराला मी उलटतपासणीत इतकं गोंधळवलं, की त्याला स्वतःच्या शेताची हद्दही सांगता येईना. खटला जिंकलो आणि सरळ रिक्षा करून अण्णांच्या घरी गेलो.

अण्णा खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि वकिली न करता सांगितलं. "अण्णा, त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हता. मी फाट्यावर थांबलो नव्हतो. तुमची काठी ऐकू येत नव्हती तरी मी पुढं गेलो, फोटोला. मग शोधताना तुम्ही कुठं असाल ते मला माहीत होतं, तरी बोललो नाही. चहाच्या वेळी खोटं बोललो. तुमचं काही चुकलं नव्हतं अण्णा. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या येतील. याव्यात म्हणूनच गेलो होतो.

अण्णांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ऐकलंस गं?" ते बायकोला म्हणाले. "माजं मन राखाय येवढं खोटं आपल्या अंगावर घ्याया लागलाय ह्यो. वकील, तू लई चांगला मानूस हाईस रं. पर ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय माजं काय झालंय ते."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. बायकोची घेतली, मुलीची घेतली. जितकं सांगत गेलो तितकं ते माझी पाठ थोपटत राहिले. आक्कांनीही डोळ्यांना पदर लावला. "यवढी माया कोन करतंय हो आजकाल," त्या म्हणाल्या. मी आयुष्यात एकदाच पुराव्याशिवाय खरं बोललो होतो आणि माझ्याकडून ते सिद्ध होईना.

निघालो तेव्हा अण्णा मला पोचवायला उठले. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. भिंतीला धरत दारापर्यंत आले. दारातून फाटक दिसत होतं, वीसेक पावलांवर, मध्ये आक्कांनी लावलेली मिरचीची चार झाडं आणि फाटकाबाहेर माझी रिक्षा. उंबऱ्याशी येऊन ते थांबले. एक पाय उचलला आणि पुन्हा आत घेतला.

"म्होरं तू जा," अण्णा म्हणाले. "मला परत याया वाट गावायची न्हाय."